उकाड्यातली झोप आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. पण एका विषयात तुमचा-माझा सर्वांचाच अनुभव मोठा आहे. तो विषय म्हणजे उकाड्यात झोपणे. आपल्या चाळीत एसी थोड्याच घरी आहे, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनाही बिलाची धास्ती असतेच. तेव्हा एसीवाचून रात्र सुखाची कशी करावी, आणि ती सुखाची रात्र घरात कोणाकोणाच्या वाट्याला येते, हे आज बोलणार आहे.

झोप ही चैन नव्हे. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतली उष्णता थोडी उतरावी लागते, आणि ती हातापायांच्या कातडीतून व घामावाटे बाहेर जाते. खोलीच तापलेली असली म्हणजे शरीर निवत नाही, आणि दिवसाचा ताप रात्रीही अंगावर राहतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या वर गेला आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाच्या संकटासाठी खास योजना आखली. हवामान खातेही आता उष्ण रात्रींचा इशारा निराळा देते. म्हणजे रात्रीचा उकाडा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट राहिलेली नाही.

माझे माहेर वर्ध्याचे आणि सासर इथे मुंबईत. दोन्हीकडचा उन्हाळा मी भोगला आहे, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वर्ध्याची हवा कोरडी. तिथे दिवसा दारे-खिडक्या बंद ठेवायच्या, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचे, आणि रात्री अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकायची. पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते, म्हणून कोरड्या हवेत कूलर आणि ओली चादर यांचा उपयोग होतो. मुंबईची हवा आधीच दमट. इथे घामच वाळत नाही, तर ओली चादर काय वाळणार? बंद खोलीत कूलर लावला तर गुदमरायला होते. इथे एकच दैवत, वारा. तो यायला वाट हवी आणि जायलाही वाट हवी. एकच खिडकी उघडून भागत नाही, समोरचे दार किंवा वरचा झरोका मोकळा लागतो. रात्री बाहेरची हवा निवली की टेबलपंखा खिडकीत बाहेर तोंड करून अर्धा तास लावावा. आतली कोंडलेली हवा निघून जाते आणि दारातून ताजी येते.

आणखी काही साध्या गोष्टी. रात्रीचा स्वयंपाक शक्य तो दिवेलागणीच्या आत उरकावा, कारण शेगडीची धग भिंतीत बराच वेळ राहते. फ्रीजच्या मागून गरम हवा निघते, तिथे कोणाचे अंथरूण नको. फ्रीजचे दार उघडून खोली गार होत नाही, उलट तापते. जाड गादीपेक्षा चटईवर सुती सतरंजी बरी, आणि बाजेला तर खालूनही वारा लागतो. निजण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ करावी, निदान हातपाय आणि मान धुवावी. उशाशी माठातले पाणी असावे. मच्छरदाणी विरळ विणीची घ्यावी. माहेरी कूलर असणाऱ्यांनी त्यातले पाणी दर आठवड्याला काढून टाकी कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

आता मुख्य मुद्दा. भगिनींनो, आपल्या घरात कोण कुठे निजते ते जरा आठवा. पुरुषमंडळी आणि मुलगे गॅलरीत किंवा गच्चीवर. बायका, मुली आणि म्हाताऱ्या आत, दार लावून, ओट्याजवळ. सर्वांत तापलेली जागा आपली! पुरुषांना दोष द्यायचा नाही, तेही दिवसभर राबून येतात. पण पहाटे पाण्याला उठते कोण? तान्ह्याला घेऊन रात्रभर विंझणा हलवते कोण? आणि चाळिशी-पन्नाशीत पाळी जायच्या वेळी अंगातून ज्या वाफा निघतात, त्या तर आपण कोणापाशी बोलतही नाही.

आमच्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे अंथरूण ओट्याशीच असे. दोन वर्षांपूर्वी मी घरात म्हटले, “अहो, आईंची जागा खिडकीशी करू या.” तर सासूबाईच म्हणाल्या, “त्याला सकाळी कामावर जायचे असते. मला म्हातारीला वारा कशाला?” मी म्हटले, “आई, पंखा फिरतो तशी जागाही फिरू द्या.” आम्ही आठवड्याच्या पाळ्या लावल्या. पहिल्याच रात्रीनंतर त्या म्हणाल्या, “सूनबाई, किती वर्षांनी सलग झोपले ग!” ते ऐकून यांनी आपणहून सांगितले, की मेअखेरपर्यंत आईची जागा तीच राहू दे.

म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना उष्णता लवकर बाधते. कोणाचे अंग चटका बसेल असे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागले किंवा ग्लानीत गेले, तर वाट पाहू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, उन्हाळ्यात गॅलरीचे जिन्यापासूनचे लांबचे टोक बायका-मुलींसाठी राखून ठेवावे, आणि आपण सात-आठजणींनी मिळून तिथे निजावे. दुसरी, ज्यांच्या दाराला जाळीचे दार नाही त्यांना ते बसवण्यासाठी मंडळाने हप्त्याने पैसे द्यावेत. आतून कडी लावता येते आणि वाराही येतो. भीतीपायी कोंडून घ्यायला नको. तिसरी, वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहणाऱ्यांच्या छताला दरवर्षी होळीनंतर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढऱ्या रंगावरून ऊन परततेय, आणि खालची खोली कमी तापते. चुना मंडळाने आणावा, हात आपण लावू.

आपण घरातल्या सर्वांची अंथरुणे घालतो. त्यांत आपले अंथरूण कुठे पडते, एवढे या उन्हाळ्यात पाहावे, अशी माझी विनंती आहे.