आधी वजन उतरवा

आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातली पोरं जुनी एस्टीम घेऊन येतात आणि पहिला प्रश्न टर्बोचा विचारतात. मी आधी गाडी जॅकवर चढवून खालचा पत्रा ठोकून बघतो. खाऱ्या वाऱ्यानं तळ कुजला असेल, पुढचे शॉकअप बसतात ती जागा पोकळ वाजत असेल, तर ती गाडी फुकटातही महाग.

पत्रा धड असला की वजन उतरवायचं. मागची सीट, स्टेपनी, गालिचा, एसी. गाडी 850 किलोची धरा. त्यातले 85 किलो गेले, तर इंजिनाची ताकद 11 टक्के वाढल्यासारखंच. आमच्या किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतीतला हलका छकडा ज्यानं पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. वाचलेला पैसा पुढच्या मऊ रबराच्या टायरांत घाला. गाडी सुटताना भार मागे सरकतो आणि ओढणारी पुढची चाकं जागीच भिरभिरतात. त्यानंतर क्लच. ब्रेक आणि पट्टा मात्र नवाच हवा. तिथं घासाघीस करणाऱ्याला मी हात जोडतो.

अशी गाडी पळवायची कुठे? नोंदणीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाहीत, आणि कलम 189 नुसार रस्त्यावरची शर्यत हाच गुन्हा. लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या शर्यती झालेल्या आहेत. अशा ठिकाणी गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागते. तेव्हा खर्चाच्या कागदावर ट्रकचं भाडं सर्वांत वर लिहा, टर्बोचं नंतर बघू.