स्वतःचीही विचारपूस करा



तुमच्यापैकी काही जण रात्रपाळी संपवून थेट इथे आले आहेत. त्यांना भाषणात डुलकी लागली तर खुशाल लागू द्या. अध्यक्षांची हरकत नाही.

जागतिक वैद्यकीय संघटनेने 1948 साली जिनिव्हा जाहीरनाम्यात डॉक्टरांची शपथ मांडली. डॉक्टरने स्वतःच्याही आरोग्याकडे लक्ष द्यावं, हे वाक्य तिच्यात यायला 2017 साल उजाडलं! इतकी वर्षं त्याची उणीव कुणाला फारशी भासली नाही, यातच आपल्या पेशाचा स्वभाव दिसतो.

पहाटे तीनला वॉर्डात रुग्ण दगावतो. निवासी डॉक्टर सीपीआर थांबवते, नातेवाइकांना सांगते, मृत्यूच्या दाखल्याचे कागद भरते. तेवढ्यात सिस्टर हाक मारतात. पलीकडच्या रुग्णाला दम लागलाय. ती धावते. डोक्यात मात्र एकच घोकंपट्टी चालू असते: ‘बारालाच बघायला हवं होतं. माझी लायकीच नाही.’ हेच तिच्या इंटर्नच्या बाबतीत घडलं असतं तर? तिने त्याला आधी चहा पाजला असता, धीर दिला असता आणि मग शेजारी बसवून केसपेपर पुन्हा वाचायला लावला असता. हा न्याय ती स्वतःला लावत नाही.

आत्मकरुणा म्हणजे हा न्याय स्वतःलाही लावणं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी तिची तीन अंगं सांगितली: दुःख न दडपता, न फुगवता पाहणं, स्वतःशी मायेने वागणं, आणि असं सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखणं. आपल्याकडे खरी बोंब आहे ती तिसऱ्याची. राउंडला सगळ्यांदेखत एकाची खरडपट्टी निघते आणि प्रत्येक विद्यार्थी समजतो, कच्चा मी एकटाच. ‘अशाने पोरं ढिली पडतील’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना मी एवढंच सांगेन: धसका घेतलेला विद्यार्थी चूक सुधारत नाही, लपवतो.

स्वतःची अशी विचारपूस करायला वेळ कुठून आणायचा? साबणाने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. तेवढ्यात मनाशी म्हणावं, ‘हे जड गेलं. कुणालाही गेलं असतं. आत्ता मला काय हवंय?’ उत्तर बहुधा साधं असतं: पाणी, दोन घास, कुणाशी तरी बोलणं. बोलायला जवळ कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पण रोस्टर तसंच ठेवून कुणी प्रशासक आत्मकरुणेची कार्यशाळा भरवणार असेल, तर ती शुद्ध फसवणूक. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या, नीट न हाताळलेल्या तणावाशी त्याची सांगड घातली. निवासी डॉक्टरांसाठी 1992 च्या केंद्रीय निर्देशांत आठवड्याला साधारण 48 तास होते. 2024 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने कमाल मर्यादा सुचवली ती 74 तासांची! आणि तीही अनेक ठिकाणी पाळली जात नाही.

म्हणून विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. परत गेल्यावर पुढच्या महिन्याचं रोस्टर मागवा, प्रत्येकाच्या नावापुढे आठवड्याची सुट्टी आहे का ते स्वतः तपासा, आणि मगच सही करा.