पाण्यात कोण उतरणार?

बी.एड. म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, प्रत्येक घरात नाहीतर शेजारी कुणीतरी केलेलं असतं. आज मी फक्त मार्गदर्शक शिक्षकांबद्दल बोलणार आहे. छात्राध्यापक ज्यांच्या वर्गावर पाठ घेतात, त्या शाळेतल्या शिक्षकांबद्दल.

गावाकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला भोपळा बांधला, तरी मामा पाण्यात उतरतो आणि पोटाखाली हात धरतो. काठावरून सूचना करणारे मग पुष्कळ. आपल्याकडे शाळा ही विहीर, पाठाचं टाचण हा भोपळा आणि विद्यापीठ काठावर. भोपळा अगदी घट्ट बांधलेला असतो हो! पण मामा कुठाय?

सहावीचा एक पाठ पाहिला. अपूर्णांकांची बेरीज. एक मुलगा म्हणाला, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश. छात्राध्यापिका म्हणाली, "चूक, बस खाली," आणि तिनं पुढचा रंगीत तक्ता लावला. मागच्या बाकावर प्राध्यापकांनी शेरा लिहिला, 'फलकलेखन उत्तम'. निम्मा वर्ग अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो, हे वर्गशिक्षिकेला पक्कं ठाऊक होतं. पण त्या होत्या शिक्षकखोलीत, वह्या तपासत. त्यांना थांबा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

आपल्याच राज्यातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मंजुरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातून शिक्षक-प्रशिक्षण तपासायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल 2012 मध्ये आला. त्याच्या शिफारशींनंतर आलेल्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतले आठवडे 20 झाले. चांगलंच झालं. पण विहिरीत जास्त वेळ ठेवलं म्हणून पोहता येतं का? पुन्हा सांगतो, मामा हवा! गुण महाविद्यालयाचे, पदवी विद्यापीठाची, आणि बाईंच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी हजेरीवर सही. वेळापत्रकात मार्गदर्शनासाठी तास नाही, मानधनाचं तर नाव काढू नका. मुख्याध्यापकही काही कमी नाहीत. छात्राध्यापक आले, की रजेवरच्या शिक्षकांचे तास त्यांच्या गळ्यात!



प्राध्यापकहो, पाठ संपला की सही ठोकून निघू नका. बाईंना बोलवा, तिघं मिळून दहा मिनिटं बसा. विद्यापीठांनो, गुणांत त्यांचा वाटा ठेवा. आणि मुख्याध्यापक, तेवढा त्यांचा पुढचा तास मोकळा सोडा.