गोठ्यातून आलेले औषध

हृदयात यांत्रिक झडप बसविलेल्या रुग्णाला रोज ठरावीक वेळी जी वॉरफरिनची लहानशी गोळी घ्यावी लागते, तिचा उगम औषधशाळेत नसून गुरांच्या गोठ्यात आहे, ही हकीकत मला फार मोलाची वाटते. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत 'स्वीट क्लोव्हर' नावाचा कुजलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. आणि 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, तो चारा व न गोठणारे रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेच्या दारी आला, तेव्हा या संशोधनास आरंभ झाला. त्यातूनच पुढे निघालेले वॉरफरिन प्रथम उंदरांचे विष म्हणून विकले गेले. 1954 मध्ये ते मनुष्यासाठी मंजूर झाले.

वॉरफरिनने रक्त पातळ होते, हा समज मात्र बरोबर नाही. यकृतात जीवनसत्त्व 'के'च्या साहाय्याने रक्त गोठविणारे जे घटक सिद्ध होतात, त्यांच्या निर्मितीस ते अटकाव करते. म्हणूनच या जीवनसत्त्वाने समृद्ध अशा पालक-मेथीसारख्या भाज्या वर्ज्य करण्याची जरुरी नसली, तरी आज मुबलक आणि उद्या मुळीच नाही, असे करू नये. रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखविणाऱ्या 'आयएनआर' तपासणीचा आकडा बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान, काही झडपांसाठी किंचित अधिक ठेवतात. त्या तपासणीत कृपा करून हयगय करू नका. डॉक्टरांच्या संमतीवाचून वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, आणि शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसल्यास तत्काळ इस्पितळ गाठा.