बडी बहनजींचा वारसा : दीक्षान्त भाषण

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुशीला नायर ‘बडी बहनजी’ म्हणून ओळखल्या जात. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील कुंजाह या गावी झाला. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेले. वर्धा जिल्ह्याशी त्यांचे जन्माचे नाते नव्हते, तरी वारसा म्हणून त्यांनी आयुष्यभर जपले ते इथलेच सेवाग्राम हे खेडे.

त्यांचे थोरले बंधू प्यारेलाल गांधीजींचे सचिव होते. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झालेल्या सुशीलाताई त्यांच्यापाशी सेवाग्रामला आल्या आणि थोड्याच दिवसांत वर्ध्यात पटकीची साथ पसरली. या तरुण डॉक्टरने ती जवळजवळ एकटीने हाताळली. पटकी दूषित पाण्यातून पसरते. रोग्याच्या अंगातले पाणी भरून काढावे लागते, तशी गावाची विहीरही सांभाळावी लागते. पुढे त्यांनी जे वैद्यक शिकवले, त्याचे बीज या साथीतल्या कामात दिसते.

१९४२च्या आंदोलनात त्यांना आगाखान पॅलेसमध्ये बंदिवास झाला. तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. त्याच वर्षी सुशीलाताईंनी सेवाग्रामात छोटा दवाखाना काढला. त्याचेच पुढे कस्तुरबा रुग्णालय झाले. नंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण, १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्रिपद अशी मोठी कारकीर्द झाली. पण शिक्षिका म्हणून त्यांचे खरे काम सुरू झाले ते १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी. त्या रुग्णालयाला जोडून खेड्यातले देशातील पहिले मेडिकल कॉलेज, म्हणजेच ही आयुर्विज्ञान संस्था, उभे राहिले.

या कॉलेजात वारसा भिंतीवरच्या तसबिरीत ठेवला गेला नाही, तो दिनक्रमात आला. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दोन आठवडे आश्रमात जातात : पहाटेची प्रार्थना, सूतकताई, श्रमदान, स्वतःची ताटवाटी स्वतः घासणे. अंगात खादी असते. प्रवेशपरीक्षेत बरीच वर्षे गांधीविचाराची वेगळी प्रश्नपत्रिका होती. मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर करून राहते. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि त्या घरांशी पुढे वर्षानुवर्षे जाणे-येणे चालू राहते. शवविच्छेदन शिकण्याच्या वयातच विद्यार्थ्याला कळते की गरोदर सुनेचे रक्त का कमी आहे, घरात गोळ्या असूनही त्या का घेतल्या जात नाहीत. वैद्यकीय शिक्षणात याहून मोलाचा धडा क्वचितच सापडेल.

याच परिसरात ज्वारीच्या विम्याची योजना रुजली. सुगीच्या वेळी शेतकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, बदल्यात रुग्णालयात उपचारांत सवलत मिळायची. रोख पैसा हातात नसलेल्या घरालाही हक्काने दवाखान्याची पायरी चढता आली. सांभाळायचा होता तो याच पायरीवरचा मान.

३ जानेवारी २००१ रोजी सुशीलाताईंचे निधन झाले. संस्थेतील सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयाला त्यांचे नाव आहे. दीक्षान्ताला पदवी घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्यांना पाहिलेले नाही. दत्तक गावातल्या घरांत मात्र या नव्या डॉक्टरांना नावाने हाक मारणारी माणसे आहेत.