भिंतीला कोण विचारतो?
(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो. दहावी पास आहे, कविता करतो. आज कविता नाही. आज घराचं बोलायचंय.

गावात आपल्याला जागा मिळाली गावकुसाबाहेर. मुंबईत मिळाली खाडीच्या चिखलात. चिखलात घर बांधायचं म्हणजे आधी जमीनच बांधायची. भराव टाका, पावसाळ्यात तो खचतो, पुन्हा टाका. रस्त्यावर थरावर थर चढतात नि आपला उंबरा खाली जातो. गटाराचं पाणी चुलीपाशी येतं. मग जोतं उचला. जोतं उचललं की छप्परही उचलायला हवं. तिथं नियम आडवा : झोपडी १४ फुटांवर गेली की हातोडा! खालून पाणी रेटतं, वरून हातोडा दाबतो, नि मधे आमची आई वाकून भाकरी थापते. दुसऱ्यांच्या टॉवरचे स्लॅब दिवसाढवळ्या ओतणारे हात स्वतःचा पोटमाळा मात्र रात्री, चोरून बांधतात.

का? कारण आपल्या घराचा पाया दगडाचा नाही, कागदाचा आहे. १९७६ साली सरकारनं झोपड्या मोजल्या, फोटोपास दिले. १९८५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग. त्याच निकालात म्हणालं, रीतसर नोटीस देऊन फुटपाथवरची झोपडी हटवता येते. आज फुकट घर हवं तर १ जानेवारी २००० पर्यंतचा पुरावा दाखवा. १ जानेवारी २०११ पर्यंतचे असाल तर पैसे मोजा. त्यानंतर आलेला माणूस हिशेबातच नाही!

आमचा पुरावा २६ जुलै २००५ ला बुडाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. पेटीतलं लाइटबिल, रेशनकार्ड, सगळ्याचा लगदा झाला. बाप खिडकीशी गेला. साहेब म्हणाला, "कागद आण." बाप म्हणाला, "साहेब, येऊन भिंत तरी बघा!" भिंतीला कोण विचारतो?

म्हणून हातोडा आल्यावर नुसत्या घोषणा देऊन भागायचं नाही. शिकलेल्या पोरांनी आत्ताच घरोघर जावं. लाइटबिल, मतदारयादीतलं नाव, सगळ्याच्या नकला काढून वस्तीबाहेरही एक जुडगा ठेवावा. नोटीस आली की ओट्यावर मोठ्यानं वाचावी. बिल्डरच्या संमतीपत्रावर आईबापाचा अंगठा उठण्याआधी त्यातली ओळन् ओळ त्यांना समजावून सांगावी.

बाबासाहेबांनी परळच्या चाळीत दिवस काढले, नि दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांसाठी. आपल्याकडं ग्रंथ ठेवायला फळी नसेल, पण स्वतःच्या घराचा कागद तरी वाचू या.

चिखलाची जमीन आपण केली. ती कुणाच्या बापाची नाही, आपल्या बापाची आहे!

जय भीम.