परांचीवरचा माणूस

खानदेशांतील कोणत्याहि मोठ्या गांवांत आज प्रवेश केला, तर प्रथम नजरेस पडते ती नव्या बांधकामांची गर्दी. धुळ्यास मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांस मिळतात. जळगांवीं केळीच्या, कापसाच्या आणि सोन्याच्या व्यापारांत पैसा खेळतो. जुनीं धाब्याचीं घरें मागें पडून त्यांच्या जागीं सिमेंटचे मजले चढत आहेत. इमारत पुरी झाली म्हणजे तिच्यावर मालकाचें नांव लागतें. घमेलें डोक्यावर घेऊन परांची चढणाऱ्या बिगाऱ्याचें नांव कोठेंच लागत नाहीं. आणि तो पडला, तर एका घरची चूल विझते.

अशा अपघातास दैव कारण असतें, ही समजूत मजूर, मुकादम आणि मालक या तिघांतहि रूढ आहे. ती तिघांनाहि सोयीची आहे, परंतु खरी नाहीं. बांधकामावरील बहुतेक अपघातांचीं कारणें ठाऊक आहेत; जीं कारणें ठाऊक आहेत तीं शिकवितां येतात; आणि जें शिकवितां येतें तें न शिकविणें हा दैवाचा दोष म्हणतां येत नाहीं.

खानदेशापुरतें पाहिलें तर पहिला शत्रु ऊन हा होय. जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. हवा इतकी कोरडी असते कीं घाम अंगावर दिसण्यापूर्वींच उडून जातो. आपण फारसे घामेजलों नाहीं, असें मजुरास वाटतें. पण सदऱ्याच्या पाठीवर उमटलेले मिठाचे पांढरे डाग किती पाणी गेलें तें सांगत असतात. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहतां दर वीस मिनिटांनीं पेलाभर पाणी पिण्याची संवय लावली पाहिजे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं उन्हांतील श्रमास शरीर एका दिवसांत सरावत नाहीं. त्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. उष्माघातानें दगावणाऱ्यांत कामावर नव्यानें आलेल्यांचा भरणा मोठा असतो, त्याचें कारण हेंच. सातपुड्यांतून कालच उतरलेल्या तरुणास पहिल्याच दिवशीं भर दुपारीं स्लॅबवर चढविणें ही शिस्त नव्हे, ती क्रूरता होय. काम करतां करतां कोणी बरळूं लागला, झोकांड्या देऊं लागला, तर तो प्यालेला आहे असें समजून हंसूं नये. अंगास घाम असला तरीहि तो उष्माघात असूं शकतो. त्यास तत्काळ सांवलींत न्यावें, अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा, मानेस व कांखेंत बर्फ ठेवावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत पाणी मात्र घालूं नये.

दुसरा शत्रु पायांखालीं आहे. तापीखोऱ्यांतील काळी माती कापसास मानवते, पण पाया खणणाऱ्यास दगा देते. उन्हाळ्यांत ती भेगाळते, पावसांत फुगते, आणि चराची भिंत सरळ उभी दिसत असतांनाच एकाएकीं ढासळते. एक घनमीटर माती दीड टनाच्या घरांत भरते. ती छातीपर्यंत आली तरी बरगड्या हलत नाहींत, आणि माणूस तोंड उघडें असूनहि गुदमरतो. यास्तव दीड मीटरहून खोल चरास दोहों बाजूंनीं फळ्यांचा आधार द्यावा. उपसलेली माती कांठापासून निदान दीड मीटर दूर टाकावी. शिडी चरांतच असूं द्यावी. आणि पाऊस पडून गेल्यावर जाणत्या माणसानें पाहिल्यावांचून कोणीहि आंत उतरूं नये.

तिसरा शत्रु उंची. परांचीच्या कडेस कमरेइतका, म्हणजे निदान ९० सेंटिमीटर उंचीचा कठडा असावा. फळ्या शेजारीं शेजारीं बसवून बांधलेल्या असाव्या. शिडी चार हात उंचीस एक हात पाया सुटेल अशा बेतानें टेकवावी. कमरपट्ट्याचा दोर डोक्यावरच्या पक्क्या आधारास अडकवावा. ज्या बांबूवर माणूस उभा आहे त्यासच तो बांधला, तर बांबूबरोबर माणूसहि खालीं येतो.

हें सर्व कायद्यास ठाऊक नाहीं असें नाहीं. १९९६ सालीं संसदेनें बांधकाम-कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला, आणि त्याच वर्षींच्या दुसऱ्या कायद्यानें बांधकामाच्या खर्चावर शेंकडा एक ते दोन या प्रमाणांत उपकर बसविण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रांत त्याचे नियम २००७ सालीं झाले. पुढें कल्याणकारी मंडळहि आलें. २०२० सालच्या श्रमसंहितांत हा विषय सामावून घेण्यांत आला असून, वर्षांतून ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वर्षें वयाच्या मजुरास नोंदणीचा हक्क त्यांतहि आहे. मंडळानें नोंदलेल्या मजुरांना सुरक्षा-संचहि वांटले. परंतु साहित्य देणें निराळें आणि शिक्षण देणें निराळें. शिरस्त्राण कशासाठीं तें न कळलेला मजूर तें ‘डोकें तापतें’ म्हणून काढून ठेवतो, आणि पट्टा नवा राहावा म्हणून पेटींत जपतो. त्यांत त्याचा अपराध नाहीं. त्यास वस्तु मिळाली, तिचें कारण मिळालें नाहीं.

तें कारण त्याच्या बोलींत पोंचलें पाहिजे. शहरांतल्या मजूरनाक्यावर अहिराणी चालते, पावरी आणि भिल्ली चालते. छापील मराठी सूचनाफलक तेथें मुका ठरतो. जुन्या गवंड्यानें पहिल्या सकाळीं अर्धा तास, हातांत दोर घेऊन, गांठ मारून दाखवून जें सांगितलें, तें दहा फलकांहून अधिक टिकतें. त्या अर्ध्या तासाची मजुरी कापली जातां कामा नये. नाहींतर उपाशी माणूस शिकण्यापेक्षां फावडें उचलणें पसंत करील. शिवाय ‘ही परांची हलते, मी चढणार नाहीं’ असें म्हणणाऱ्याचा दिवस बुडणार नाहीं, ही हमी मुकादमानें सर्वांदेखत दिली पाहिजे. हें म्हणण्याची सोय नसेल, तर बाकीचें शिक्षण व्यर्थ होय.

नियम सर्वांनीं मिळून पाळणें खानदेशास परकें नाहीं. साक्री तालुक्यांत पांझरेच्या पाण्यावर फडपद्धति पिढ्यान् पिढ्या चालली. कोणत्या फडास पाणी केव्हां, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असे. आणि पाणी देण्यास पाटकरी व राखणीस जागल्या नेमलेला असे. पाण्याच्या पाळीसाठीं ज्या भूमीनें जागल्या नेमला, तिनें माणसाच्या जिवासाठीं प्रत्येक बांधकामावर असा एक जागता माणूस नेमावा, ही मागणी फार मोठी नाहीं. घर बांधणाऱ्या प्रत्येक मालकानें काम सुरू होण्याच्या दिवशीं भूमिपूजनाचा नारळ फोडण्याआधीं मुकादमास एवढेंच विचारावें: पिण्याचें पाणी कोठें, सांवली कोठें, आणि नव्या माणसांना आज कोण शिकविणार?